सर, मी कोणालाच मारलं नाही, तरी आम्ही जिंकलो!



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मी मुलांना एक निबंध हमखास देतो, 'मी सुट्टीत काय केलं'. बहुतेकांचं ठरलेलं असतं. मामाच्या गावाला गेलो, फराळ केला, कापूस वेचायला मदत केली. यावेळी आठवीतल्या एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या: 'मी गेम खेळलो. आमची टीम डायमंडला गेली.' हा मुलगा एरवी मागच्या बाकावर बसतो. वाचायला उभं केलं की अडखळतो. मी जरा रागातच विचारलं, "मग किती जणांना मारलंस?"

तो म्हणाला, "सर, म्या कोनालेच नाई मारलं. म्या नुसता मांगं रायलो अन् पडलेल्यायले उठोलं. तरी आमी जितलो."

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि म्हटलं, आता नीट सांग. पंधरा मिनिटं तो न अडखळता बोलत होता. त्या पंधरा मिनिटांवरून माझं जे मत झालं, ते तुमच्यासमोर ठेवतो. मुलाच्या हातातला फोन हिसकावण्याआधी त्याला एकदा विचारा, "जिंकलास कसा?"

रँक म्हणजे काय?

आपल्याकडे मुलं जास्त करून बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स खेळतात. पबजी मोबाईलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, त्यानंतर 2021 मध्ये बीजीएमआय आला. चार जणांची टीम, मैदानात साधारण 100 खेळाडू, आणि सुरक्षित वर्तुळ हळूहळू लहान होत जातं. शेवटी जी टीम उरते ती जिंकते. प्रत्येक मॅचनंतर गुण वाढतात किंवा कमी होतात. त्यावरून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या चढायच्या. या पायऱ्या म्हणजे रँक. आणि गुण नुसते मारण्याचे नसतात, शेवटपर्यंत टिकण्याचेही असतात. इथेच खरी गंमत आहे.

उलट्या वाटणाऱ्या चार युक्त्या

1. गर्दीत उतरू नका. जिथे जास्त बंदुका मिळतात तिथे सगळे उड्या टाकतात आणि अर्धे दोन मिनिटांत बाद होतात. या मुलाची टीम कडेला उतरायची, सामान गोळा करायची आणि वर्तुळात लवकर जाऊन चांगली जागा धरायची.

2. मदत करणारा आधी ठरवा. चौघांनाही हिरो व्हायचं असलं की टीम हरते. एकाने मागे राहून पडलेल्याला उठवायचं, धुराचा गोळा टाकून आडोसा करायचा. याचं मोठं उदाहरण जगात घडलेलं आहे. मोबाईल लेजेंड्स नावाचा पाच-पाच जणांच्या टीमचा गेम आहे (भारतात त्यावर जून 2020 मध्ये बंदी आली). त्याच्या 2021 च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सची ब्लॅकलिस्ट इंटरनॅशनल ही टीम जिंकली. त्यांच्या गाजलेल्या डावपेचात सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि जखमा बऱ्या करणाऱ्या पात्राच्या भोवती खेळ रचायचा. सिंगापूरला झालेली ती अंतिम लढत त्यांनी 4-0 अशी जिंकली.

3. कमी बोला, नेमकं बोला. "अरे तिकडं हाय, मार मार!" याचा काही उपयोग नाही. "ईशान्येला, घरामागे, दोघं" एवढंच हवं. स्क्रीनवर वरच्या बाजूला होकायंत्र असतं. ज्या मुलाला नकाशात ईशान्य दाखवता आली नव्हती, तो गेममध्ये ती क्षणात सांगतो. भूगोल शिकवणाऱ्यांनी याचा विचार करावा, मी तर केलाच.

4. दोन मॅच हरलो की थांबा. हरल्यावर चिडून खेळलेली तिसरी मॅच बहुतेक वेळा हातची जाते आणि आणखी गुण जातात. मोठ्यांनाही हे जमत नाही.

आपल्याला हे नवीन नाही

चौथीच्या मुलांना आपण गनिमी कावा शिकवतो. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज अडवली. फौज कमी होती, पण जागा त्यांनी निवडली होती. खान अरुंद खिंडीत शिरेपर्यंत मावळे झाडीत दबा धरून थांबले. खानासोबत आपल्या शेजारच्या माहूरची रायबागनही होती. पुढे लढण्यात अर्थ नाही, हे तिनेच खानाला सांगितलं. मग खानाने शरणागती पत्करून वाट मागितली. जागा निवडणं, थांबणं आणि वेळेवर माघार घेणं, तिन्ही गोष्टी या एका धड्यात आहेत.

खो-खोतही तेच. पाठलाग करणाऱ्याने "मीच बाद करणार" असा हट्ट धरला की पळणारा निसटतो. वेळेवर खो देणारा टीमला जिंकवतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

युक्ती आणि लबाडी

मुलं 'ट्रिक' या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी घालतात. भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारं हॅक टाकणं, दुसऱ्याचं वरच्या रँकचं अकाउंट विकत घेणं, समोरच्या टीमशी आतून संगनमत करणं, ही लबाडी आहे. मी वर्गात एक साधी कसोटी सांगितली. तुमची ट्रिक समोरच्या टीमला कळली तर ते "वा!" म्हणतील की "फसवलं!" म्हणतील? एक मुलगी लगेच बोलली, "सर, मंग कॉपीचं बी तसंच हाय." मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.

पण गोड गोड बोलून चालणार नाही

त्याच वर्गात दुसरा एक मुलगा पहिल्या तासाला रोज झोपतो. रात्री एक-दीडपर्यंत गेम. घरी भांडण झालं, वडिलांनी फोन आपटून फोडला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. तोही टीमनेच खेळत होता, युक्त्या त्यालाही येत होत्या.

म्हणून नीट समजून घ्या. खो-खोची शेवटची शिट्टी वाजते आणि मुलं घरी जातात. रँकला शेवटची शिट्टी नाही. सीझन संपला की रँक खाली येते आणि पुन्हा चढायला लागायचं. खेळाडू परत यावा अशीच ती रचना आहे. बीजीएमआय 2023 मध्ये परत आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा होती, पण मुलं मोठ्यांचं वय टाकून खेळतात. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. तो कायदा दिल्लीत झाला. रात्री अंथरुणातला फोन मात्र आपल्यालाच बघावा लागेल.

मग करायचं काय?

पालकांनो, तास ठरवण्यापेक्षा मॅच ठरवा. "आज दोन मॅच, अन् मग फोन माझ्याकडे." चालू मॅचमध्ये फोन ओढू नका. एक जण मध्येच गेला की उरलेले तिघं अडचणीत येतात, आणि मुलाच्या मनात राग तुमच्याबद्दल राहतो. रात्री फोन मोठ्यांच्या उशाशी असू द्या.

शिक्षक मित्रांनो, 'आम्ही कसे जिंकलो' किंवा 'आम्ही का हरलो' हा विषय एकदा लिहायला द्या. कबड्डी, गेम, लग्नातली वाढपाची टीम, काहीही चालेल. मी दिला. त्या मुलाने दीड पान लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानभर होत्या, वाचताना तो अजूनही अडखळतो. पण दीड पान त्याने याआधी कधीच लिहिलं नव्हतं. शेवटी एक ओळ होती, 'पडलेल्याला उठवायला गेलं की आपण पण मरू शकतो, पण जावं लागते.'

माझी लाल पेन 'लागते'वर टेकली होती. मी ती उचलली. ते वाक्य तसंच राहू दिलं.

आज संध्याकाळी तुम्हीही घरात विचारून बघा, "जिंकलास कसा?" आणि उत्तर पूर्ण ऐका.