आया

परवा वर्गात एका मुलीने विचारले, "सर, 'आया' म्हणजे आईचे अनेकवचन, की मुले सांभाळणारी बाई?" मी म्हटले, दोन्ही! दुसरा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण उत्तर देताना मला आठवल्या त्या कॅनडातल्या आया.

१९९२ साली तेथे एक योजना निघाली. परदेशी बाईने मालकाच्याच घरी राहून त्याची मुले सांभाळावीत. दोन वर्षांची चाकरी भरली, की कायम वास्तव्यासाठी अर्ज करावा. बहुतेक जणी फिलिपाइन्सच्या. कित्येकींनी आपली लेकरे आजीपाशी ठेवलेली. चाकरीची दोन वर्षे, वर अर्जाची वाट. अखेर लेकरू विमानातून उतरे, तेव्हा आईच्या खांद्याला लागलेले असे!

२०१४ साली ती योजना नव्यांना बंद झाली. पुढे अट कमी होत होत २०२५ च्या योजनेत सहा महिन्यांच्या अनुभवावर वा शिक्षणावर आली. मुले सांभाळणाऱ्यांच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या! कागदावर हा फरक महिन्यांचा. पण त्यात एक बालपण मावते.

वाचकहो, पहाटे पोरे अभ्यंगाला उठली नाहीत, तर रागावू नका. हाकेच्या टप्प्यात आहेत, हे काय थोडे झाले?