नियमग्रंथाची प्रतीक्षा

खेळास नियम हवेत, हें कोणीहि मान्य करील. परंतु नियमांचें पुस्तक हातीं येईपर्यंत खेळच थांबवावा काय?

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पूर्वीं मंडळी तो एका मेजाभोवतीं बसून खेळत. आतां दूरदूरचे मित्र ‘रोल ट्वेंटी’सारख्या संकेतस्थळावरहि एकत्र जमतात. २०१४ च्या पांचव्या आवृत्तीचे सुधारलेले नियम २०२४ पासून निघूं लागले. खेळाडूंचा ग्रंथ त्या सप्टेंबरांत आला. राक्षसांचा मात्र २०२५ च्या फेब्रुवारींत.

अशा वेळीं पुष्कळ जण चिडतात. पण छापील पान संगणकावर उतरविणें म्हणजे केवळ नक्कल नव्हे. प्रत्येक मंत्र, शस्त्र व राक्षस यांचे आंकडे फाशांशीं व पात्रांच्या पत्रकांशीं जोडावे लागतात. एक आंकडा चुकला कीं डाव बिघडतो. घाईच्या चुकीपेक्षां उशिराची अचूकता बरी. मात्र विक्रेत्यांनींहि दिनांक स्पष्ट सांगावा, आणि छापील प्रत घेणारास त्याच मजकुरासाठीं पुन्हां पूर्ण किंमत भरावयास लावूं नये.

तोंवर खेळाडूंनीं काय करावें? पांचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संग्रह २०२३ मध्यें क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यानें सर्वांस मुक्त झाला आहे. तेवढ्यावर खेळ सुखानें चालतो. वाचकहो, ग्रंथ आज ना उद्यां येईलच. परंतु वाट पाहतां पाहतां पांगलेली मित्रमंडळी पुन्हां जमविणें फार कठीण!