हिरवं पान लेबलवर, पुरावा कुठाय?

गारगोटी : साबणापासून पिकाच्या टॉनिकपर्यंत कशावरही आता ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असतंय आणि त्या नावाखाली चार पैसे जास्त घेतले जातात. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असा दावा करणाऱ्या कंपनीने नेमकं काय पर्यावरणपूरक आहे, माल की नुसतं पॅकिंग, हे सांगायचं आणि पुरावा द्यायचा. ती माहिती जाहिरातीत, क्यूआर कोडवर किंवा वेबसाईटवर पाहिजे. कंपनीने झाडं लावली तर चांगलंच. पण त्यामुळे बाटलीतलं औषध हिरवं होत नाही. मोबाईल खिशात हायच. कोड स्कॅन करा. पुरावा दिसला नाही तर बिल, लेबलचा फोटो जपून ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा.