भाड्याचे घर, उधारीचा देखावा

वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की व्यापारी कुटुंबांत एकच विषय निघतो : चार दिवस चिखलदऱ्याला जावे. परतवाड्यावरून घाट चढला की अमरावतीहून सुमारे ८५ किलोमीटरवर, अकराशे मीटर उंचीचे हे पठार लागते. १८२३ साली हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन येथे आला. पुढे वऱ्हाडातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी बंगले बांधले. आज पर्यटन महामंडळाचे निवास आहेत, खासगी कॉटेजही आहेत. खिडकी उघडताच खोल दरी, पलीकडे गाविलगडाची तटबंदी आणि सातपुड्याच्या रांगा दिसतात.

अशा ठिकाणी दोन रात्री काढल्या की ‘येथे आपलाही एक बंगला असावा’ हा विचार मनात डोकावतोच. व्यापाऱ्याने त्याचा हिशेब मांडून पाहावा. वर्षातील आठ दिवसांसाठी रक्कम अडकवायची, रखवालदार ठेवायचा, पावसाळ्यानंतर डागडुजी करायची. आणि विश्रांतीला गेलेल्या माणसाने गळक्या छपराची काळजी वाहायची. यापेक्षा भाड्याची खोली बरी. परिग्रह वाढत नाही आणि देखावा तोच मिळतो.

मात्र भाडे छपराचे, अंथरुणाचे आणि गरम पाण्याचे असते. समोरच्या डोंगराचे बिल कोणी देत नाही. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि या जंगलासाठी काही गावांनी आपली वडिलोपार्जित जागा सोडली आहे. चिखलदरा तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक कोरकू वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आपण ज्या दिवसांत गारव्यासाठी वर जातो, नेमक्या त्याच दिवसांत तेथील भगिनी हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. ही आपल्या खात्यावरची उधारी आहे.

ती फेडण्याची रीत आपल्याला नवी नाही. परतवाड्याजवळच्या मुक्तागिरी सिद्धक्षेत्री, बावन्न मंदिरांच्या त्या डोंगरापाशी, आपण धर्मशाळेत उतरतो तेव्हा खोली झाडून परत देतो, पाणी जपून वापरतो आणि निघताना भांडारात यथाशक्ती काही टाकतो. कॉटेजमध्ये हाच श्रावक ‘पैसे मोजले आहेत’ म्हणून नळ सोडून ठेवतो, हे कसे?

पाणी तुपासारखे वापरावे, ही आपल्या घरातील जुनी शिकवण तेथे सर्वांत उपयोगी पडते. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियमही अरण्याला मानवणारा आहे. खोली ठरवतानाच जेवणाची वेळ आणि कंदमुळे वर्ज्य असल्याचे स्पष्ट सांगावे. अंधार पडल्यावर गाणी, दिवे व फटाके नसावेत. जंगलात तो इतर जिवांच्या संचाराचा समय असतो. फरसाणाच्या रिकाम्या पिशव्या गाडीतून खाली परत आणाव्यात. भाजी, दूध, कॉफी तेथील गावकऱ्यांकडूनच आणि घासाघीस न करता घ्यावी.

शक्य असल्यास वैशाख टाळून कार्तिकी पौर्णिमेनंतर जावे. चातुर्मास संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, झरे वाहते असतात, आणि आपल्या बादलीभर पाण्याने कोणाचा हंडा रिकामा राहत नाही.