रक्त कोणी तपासले?

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून दरवर्षी एकच संभाषण ऐकू येते. मुलाला डॉक्टर करावयाचे असा घरात संकल्प झालेला असतो. 'नीट'च्या यादीत नाव लागत नाही, खासगी महाविद्यालयाची फी झेपण्याजोगी नसते, आणि मग कोणी तरी दबक्या आवाजात सुचवितो, "टेक्निशियनचा एखादा कोर्स असतो म्हणे!" सुचविणारा चाचरतो, ऐकणारा सुस्कारा सोडतो, आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, तो मान खाली घालतो. ह्या सुस्काऱ्याविषयीच आज आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ज्याला आपण 'नुसता टेक्निशियन' म्हणतो, तो करतो तरी काय? डॉक्टर ज्या आकड्यावर विसंबून औषध लिहितात, तो आकडा त्याच्या हातून येतो. दंडाला बांधलेला पट्टा जरुरीपेक्षा अधिक वेळ राहिला, किंवा रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. आणि नसलेल्या दुखण्यावर उपचार सुरू होतात. रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चुकीची चिकटली, तर भलत्या गटाचे रक्त रोग्याच्या अंगात जाते आणि तो प्राणास मुकू शकतो. क्ष-किरणांचे चित्र बिघडले, तर ते पुन्हा काढावे लागते, म्हणजे किरणांचा मारा दुप्पट. डायलिसिसच्या रोग्याचे रक्त प्रत्येक खेपेस सुमारे चार तास शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरत असते. त्या चार तासांत त्या यंत्राशेजारी कोण बसले आहे, ह्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. अशा माणसाला 'नुसता' हे विशेषण लावणाऱ्या समाजाने आपले आरोग्य कोणाच्या हाती आहे, ह्याचा विचारच केलेला नाही!

शासनाने तरी तो वेळेवर केला काय? परिचारिकांसाठी १९४७ साली कायदा झाला. औषधनिर्मात्यांसाठी आणि दंतवैद्यांसाठी १९४८ साली झाला. डॉक्टरांचा जुना कायदा मोडीत काढून १९५६ साली नवा आणला गेला. ह्या विद्यांची वाट आपल्याकडे कोणी दाखविली नव्हती, असेही नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू केली. महाराष्ट्रासह काही राज्यांनी पुढे आपापले कायदेही केले. परंतु देशभर एकच किमान दर्जा ठरविणारा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा संसदेत संमत होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. मध्यंतरी पाऊण शतक गेले!

हा कायदा कागदावर चांगला आहे. पदविकेचे शिक्षण दोन हजार तासांहून कमी नसावे, ते किमान दोन वर्षांचे असावे, प्रत्येक राज्याने सहा महिन्यांत परिषद स्थापावी, पात्र व्यक्तींची नोंदवही ठेवावी, असे तो सांगतो. मे २०२१ मध्ये तो अमलात आला. परंतु १२ ऑगस्ट २०२४ रोजी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा अवघ्या चौदा राज्यांनी परिषदा स्थापिल्या होत्या आणि त्याही कामास लागलेल्या नव्हत्या. न्यायालयाला १२ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली. सहा महिन्यांच्या कामाला तीन वर्षे पुरली नाहीत. परिषदेचा नामफलक लावणे म्हणजे कायदा राबविणे नव्हे. ज्या दिवशी कोणाही नागरिकाला नोंदवही उघडून तंत्रज्ञाचे नाव पाहता येईल, त्या दिवशी कायदा राबला असे आम्ही म्हणू.

ह्या दिरंगाईचे भांडवल करणारे पुष्कळ आहेत. दोन भाड्याच्या खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि भिंतीवर हृदयाचे रंगीत चित्र एवढ्या सामग्रीवर 'पॅरामेडिकल संस्था' उभी राहते. खेड्यातला बाप जमीन गहाण टाकून फी भरतो आणि मुलाच्या हाती पडते ते प्रमाणपत्र कोणतेही रुग्णालय ओळखत नाही. म्हणून प्रवेश घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: तंत्रनिकेतनातील पदविका असो वा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. मान्यता कोणाची? संलग्न रुग्णालय कोणते, व तेथे काम किती तास? शिक्षण संपल्यावर नाव कोठे नोंदले जाईल? यंत्र वर्गात शिकता येते. रोगी रुग्णालयातच शिकावा लागतो. रुग्णालयाविना चालणारे आरोग्यशिक्षण म्हणजे काठावर बसून पोहणे!

कायद्याची कडक अंमलबजावणी झाली, तर वीस वीस वर्षे काम करून हाताने विद्या मिळविलेल्यांच्या पोटावर पाय येईल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. त्यास उत्तर एकच: अशा जुन्या जाणत्यांची परीक्षा घ्या, उणे असेल तेवढे शिकवा आणि त्यांना सन्मानाने नोंदवहीत घ्या. त्यांच्या नावाने नोंदवहीच लांबणीवर टाकू नका. आणि नोंदणीबरोबर कायम नेमणूक, योग्य वेतन व बढतीची वाट ही हवीच. कंत्राटावर राबणाऱ्या, उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाकडून अचूकतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

२२ मार्च २०२० रोजी आपण सज्जांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्या थाळ्यांच्या मानकऱ्यांत पुढे घशातील स्राव तपासण्यासाठी रात्रंदिवस जागणारा हा तंत्रज्ञही होता. थाळीचा नाद विरला आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक झाले नाही. वाचकहो, पुढच्या खेपेस रक्ताचा अहवाल हाती येईल, तेव्हा खालची डॉक्टरांची सही पाहून थांबू नका. 'हे रक्त कोणी तपासले?' असे विचारा. आणि आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे शिक्षण घेऊ म्हणेल, तेव्हा कृपा करून सुस्कारा सोडू नका!