पदकावरचे व्याज

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य रँडी ‘ड्यूक’ कनिंगहॅम २०२५ मध्ये वारले. व्हिएतनाम युद्धातील ते नावाजलेले लढाऊ वैमानिक होते आणि लाचखोरीपायी तुरुंगात गेलेले लोकप्रतिनिधीही होते. अशा दोन गोष्टी एका चरित्रात आल्या की भांडवली वृत्तपत्रांना एक आयता साचा सापडतो. वीर शिखरावर चढला, मोहाला बळी पडला आणि कोसळला. २००५ साली त्यांचा गुन्हा उघडकीस आला तेव्हापासून हीच कथा सांगितली गेली. कथा ऐकायला बरी वाटते. डोळ्यांत पाणीही आणते. पण माणसाला शोकांतिकेचा नायक करून टाकले की प्रश्न त्याच्या स्वभावापाशी संपतो. पैसे कोणी दिले, कशासाठी दिले आणि देणाऱ्याला ते परवडले कसे, हे विचारण्याची गरज मग उरत नाही. ती उरू नये, हाच या साच्याचा उपयोग आहे.

पराक्रम खोटा नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १० मे १९७२ रोजी उत्तर व्हिएतनामवरील चढाईत कनिंगहॅम आणि त्यांच्या मागच्या आसनावरील रडार अधिकारी विल्यम ड्रिस्कॉल यांनी तीन मिग विमाने पाडली. आधीची दोन धरून त्यांची संख्या पाच झाली. परतताना क्षेपणास्त्राचा तडाखा बसला. पेटलेले विमान समुद्रापर्यंत नेऊन दोघांनी हवाई छत्रीने उड्या घेतल्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना पाण्यातून उचलले. दोघांनाही ‘नेव्ही क्रॉस’ हे पदक मिळाले. हे धैर्य ज्या युद्धात खर्ची पडले ते एका शेतकरी राष्ट्रावर लादलेले अन्याय्य युद्ध होते. पण म्हणून वैमानिक भित्रा ठरत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. हा पराक्रम कोणाच्या खात्यावर जमा झाला? विमानात माणसे दोन होती. ‘कॉन्स्टेलेशन’ या विमानवाहू नौकेवर ते विमान उडण्याजोगे ठेवणारे तंत्रज्ञ आणि खलाशी निराळेच. विमान करदात्यांच्या पैशाचे. प्राण वाचविणारी हेलिकॉप्टरे चालविणारे हात परक्यांचे. येथे पराक्रमाचे उत्पादन सामाजिक होते. त्यावरची मालकी मात्र खाजगी झाली. इतकेच नव्हे, तर तिच्यावर दंतकथेची कलाकुसरही करण्यात आली. त्या दिवशी पाडलेल्या अखेरच्या मिगमध्ये ‘कर्नल टून’ नावाचा उत्तर व्हिएतनामचा अजिंक्य वैमानिक होता, असे वर्षानुवर्षे सांगितले जात असे. अशा नावाचा कोणी वैमानिक व्हिएतनामी हवाई दलात नव्हताच, हे पुढे स्पष्ट झाले. शत्रू जितका मोठा तितके पदक जड, हा त्यातला साधा व्यवहार.

या भांडवलाची पहिली मोठी गुंतवणूक १९९० साली झाली. सॅन डिएगो भागातील मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाने कनिंगहॅम यांना उभे केले. त्यांचे प्रतिस्पर्धी जिम बेट्स लैंगिक छळाच्या प्रकरणात सभागृहाच्या ठपक्याने डागाळलेले होते, आणि ‘अभिमान वाटावा असा प्रतिनिधी’ या आशयाच्या घोषणेवर कनिंगहॅम निवडून आले. कार्यक्रम कोणता, अर्थसंकल्पाविषयी मत काय, हे विचारण्याचे मतदारांना कारण वाटले नाही. गणवेशाने ते काम केले होते. (कार्यक्रमाऐवजी चेहरा शोधणारे पक्ष केवळ अमेरिकेतच असतात, असा समज कोणी करून घेऊ नये.)

सभागृहात कनिंगहॅम देशभक्तीचे जणू मक्तेदार झाले. १९९५ मधील एका वादात विरोधकांवर ओरडताना त्यांनी ‘समाजवादी’ हा शब्द शिवीसारखा वापरला. राष्ट्रध्वजाची विटंबना रोखण्याचा अधिकार देणाऱ्या घटनादुरुस्तीचे ते मुख्य प्रस्तावक होते. २२ जून २००५ रोजी ती दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने २८६ विरुद्ध १३० मतांनी संमत केली. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मार्कस स्टर्न या पत्रकाराने कनिंगहॅम यांच्या घराच्या विक्रीची बातमी छापली होती. ध्वजाच्या पावित्र्याचे भाषण आणि घराचे खरेदीखत दहा दिवसांच्या अंतराने देशापुढे आले.

त्या खरेदीखतात गुप्त असे काही नव्हते. सरकारी दप्तरात ते कोणालाही पाहता आले असते. डेल मार येथील घर कनिंगहॅम यांनी २००३ च्या अखेरीस मिचेल वेड या संरक्षण ठेकेदाराच्या कंपनीला १६ लाख ७५ हजार डॉलरना विकले. वेडने ते पुढे ९ लाख ७५ हजारांना विकून टाकले. त्या काळात सॅन डिएगोत घरांच्या किमती चढत होत्या. चढत्या बाजारात ७ लाखांचे नुकसान हसतमुखाने सोसणारा व्यापारी अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो सापडायचा असेल, तर त्याला दुसरीकडे काय मिळाले ते पाहावे लागते.

दुसरीकडे वेडच्या ‘एमझेडएम’ कंपनीला मिळालेली सरकारी कामे होती. २००२ पासून थोड्याच वर्षांत त्यांची रक्कम १५ कोटी डॉलरच्या वर गेली. कनिंगहॅम यांनी चौघा सहकटवाल्यांकडून घेतलेली लाच किमान २४ लाख डॉलर असल्याचे २८ नोव्हेंबर २००५ रोजी न्यायालयात कबूल केले. तीत घराचे पैसे होते, वॉशिंग्टनमध्ये राहण्यासाठी दिलेली नौका होती, रोल्स-रॉइस होती, जुनी फ्रेंच कपाटे आणि गालिचेही होते. वृत्तपत्रे या वस्तूंवरच तुटून पडली. वास्तविक या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे एक कागदाचा चिठोरा.

शिक्षेच्या सुनावणीपूर्वी सरकारी वकिलांनी न्यायालयात सादर केलेल्या या चिठोऱ्यावर प्रतिनिधिगृहाच्या सदस्याची मुद्रा छापलेली होती आणि खाली हस्ताक्षरात दोन रकाने होते. डावीकडे ठेक्याची रक्कम दशलक्षांत, उजवीकडे लाच हजारांत. पहिल्या १ कोटी ६० लाखांच्या ठेक्यासाठी नौकेची मालकी, किंमत १ लाख ४० हजार. त्यापुढील चार दशलक्षांना प्रत्येकी ५० हजार. २ कोटींच्या वर प्रत्येक दशलक्षाला २५ हजार. घाऊक खरेदीला सवलत! पंचविसाव्या दशलक्षापर्यंत बेरीज केली तर एकूण लाच ४ लाख ६५ हजार होते, म्हणजे ठेक्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. जमिनीच्या व्यवहारातला साधा दलालसुद्धा एवढ्या दरात उन्हात उभा राहणार नाही.

लाच एवढी स्वस्त का, हा येथे विचारण्याजोगा प्रश्न आहे. विकणाऱ्याला माल तयार करण्याचा खर्च नव्हता, हे त्याचे उत्तर. कनिंगहॅम विनियोजन समितीच्या संरक्षण उपसमितीवर होते, गुप्तवार्ता समितीवरही होते. संरक्षण खात्याने न मागितलेल्या कामासाठीही अर्थसंकल्पात रक्कम राखून ठेवण्याची प्रथा तेथे रूढ होती आणि तीत बेकायदा काही नव्हते. समितीच्या अहवालात एक ओळ घातली की कोट्यवधी डॉलर एका दिशेने वाहू लागत. ब्रेंट विल्क्स या दुसऱ्या ठेकेदाराच्या कंपनीला जुने कागदपत्र संगणकावर चढविण्याची कामे अशाच मार्गाने मिळाली. पनामा कालव्याच्या परिसराची जुनी दप्तरेही त्यांत होती. जनतेचा पैसा, खर्चाचा निर्णय मूठभरांचा, आणि गुप्ततेच्या नावाखाली तपासणी नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर हेरगिरीची कामे खाजगी कंपन्यांकडे धडाक्याने जाऊ लागली, तेव्हा हा पडदा अधिकच जाड झाला. सरसेनापती राहिलेल्या आयसेनहॉवरनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीचा धोका जानेवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा निरोप घेताना सांगितला होता. त्या युतीचा दरपत्रकासारखा छोटा नमुना पंचेचाळीस वर्षांनी न्यायालयाच्या दप्तरात दाखल झाला, एवढेच.

यावर असे म्हटले जाते की, व्यवस्थेने स्वतःची शुद्धी केली. पत्रकाराने शोध घेतला, न्यायालयाने शिक्षा दिली, २०११ साली त्या राखीव तरतुदी बंदही करण्यात आल्या. यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या वृत्तसंस्थेने हा शोध घेऊन पुलित्झर पारितोषिक मिळविले, तिचा वॉशिंग्टन विभाग २००८ च्या सुमारास बंद पडला. राखीव तरतुदी २०२१ मध्ये नव्या नावाने परतल्या. खुलासा सक्तीचा झाला आणि प्रतिनिधिगृहाने नफा कमावणाऱ्या कंपन्यांना त्यांतून वगळले, ही सुधारणा खरी. पण लाच न देताही हेच साधण्याचा राजमार्ग, म्हणजे निवडणूक निधी, उघडाच राहिला. वेडने आपल्या नोकरांच्या नावे अन्य दोन प्रतिनिधींच्या निधीत बेकायदा पैसे घातल्याचे कबूल केले. तेच पैसे योग्य त्या नावांनी, मर्यादेत आणि पावतीसह घातले असते तर त्याला कोणी बोट लावले नसते. कनिंगहॅम यांनी दर कागदावर लिहिला. इतरांच्या बाबतीत तो लिहावा लागत नाही.

पदक मात्र अखेरपर्यंत व्याज देत राहिले. ३ मार्च २००६ रोजी शिक्षा सुनावली गेली तेव्हा बचावपक्षाने त्यांच्या युद्धसेवेचा हवाला देऊन दया मागितली. सरकारी वकिलांनी दहा वर्षे मागितली होती. न्यायाधीशांनी ८ वर्षे ४ महिने दिली. हा माणूस उपाशी नव्हता, थंडीत कुडकुडत नव्हता, तरी त्याने हे केले, असा न्यायाधीशांच्या बोलण्याचा आशय होता. काँग्रेसच्या सदस्याला तोवर झालेली ही सर्वांत मोठी शिक्षा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. २० जानेवारी २०२१ रोजी, आपल्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना सशर्त माफी दिली. त्या निवेदनातही व्हिएतनाममधील पराक्रमाचा उल्लेख होताच. कर चुकविणाऱ्या एखाद्या कारकुनाला किंवा दुकान फोडणाऱ्या बेकाराला १९७२ सालचा एखादा दिवस असा उपयोगी पडत नाही.

लाच देणारा वेड तपासात सहकार्य केल्यामुळे तीस महिन्यांवर सुटला. आणि ज्या कंपनीसाठी हे सारे घडले ती? बातमी आल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, ऑगस्ट २००५ मध्ये, ‘एमझेडएम’चा व्यवसाय व्हेरिटास कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने विकत घेतला व तिचे नाव ‘अथीना इनोव्हेटिव्ह सोल्यूशन्स’ असे ठेवले. तीच माणसे, तीच सरकारी कामे, पाटी तेवढी नवी. २००७ साली ‘सीएसीआय’ या मोठ्या संरक्षण कंपनीने ती २० कोटी डॉलरना घेतली. कनिंगहॅम तेव्हा तुरुंगात होते.