अंधाऱ्या खोलीतील मौन

सोनोग्राफी हा शब्द आता गोमंतकातील वाड्यावाड्यांवर पोचला आहे. पोटदुखी असो, मूतखडा असो की पहिलटकरणीचे दिवस असोत, डॉक्टरांची चिठ्ठी हाती पडते आणि माणूस त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी रांगेत जाऊन बसतो. आत काय होणार, कशासाठी होणार आणि बाहेर आल्यावर मिळणाऱ्या कागदाचा अर्थ काय, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर या न सांगण्यावर कायद्याचे पांघरूण पडले आहे. ‘कायद्याने बंदी आहे’ एवढे एक वाक्य उच्चारले की सारे प्रश्न जागच्या जागी मिटतात. वस्तुतः कायद्याने बंदी घातली आहे ती एकाच उत्तरावर. बाकीची उत्तरे मागण्याचा त्या स्त्रीचा अधिकार कोणी काढून घेतलेला नाही.

या यंत्रात गूढ असे काही नाही. मासळीचा थवा कुठे आहे हे पाहण्यासाठी आपल्या किनाऱ्यावरील ट्रॉलर पाण्यात ध्वनी सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून थव्याचा ठाव घेतात. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लक्षावधी कंपने असलेला ध्वनी शरीरात सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर पाहायचे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी पोलादातील तडे शोधणारे यंत्र माणसाच्या पोटासाठी वापरता येईल का, याचा ध्यास घेतला. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. तेथे तुलनेसाठी गोमांसाचा तुकडा ठेवला होता म्हणतात! १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, त्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ असल्याचे या यंत्राने दाखवले. गाठ काढली आणि बाई वाचली. या विद्येचा आरंभ असा एका स्त्रीला मिळालेल्या खऱ्या उत्तराने झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

क्ष-किरणांशी या तपासणीचा काही संबंध नाही. गर्भाला ‘किरण लागतील’ ही भीती अद्याप अनेक घरांत आहे, ती अनाठायी होय. अर्थात हौसेखातर, केवळ बाळाचे तोंड पाहण्यासाठी ती वारंवार करू नये, असेच जाणते डॉक्टर सांगतात. तयारीच्या सूचनांनाही कारणे असतात. पोटाच्या तपासणीला साधारण सहा तास उपाशी यावे लागते, कारण अन्न पोटात गेले की पित्ताशय आकसते आणि त्यातील खडा नीट दिसत नाही. ओटीपोट पाहायचे असेल वा गर्भ अगदी लहान असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी रोखायला सांगतात. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि ध्वनीला आत जाण्यास जणू खिडकी करून देते. पुढच्या महिन्यांत त्याची गरज सहसा नसते. पण हे न सांगितल्यामुळे सातव्या महिन्यातील बाई तासन् तास कळ सोसत बाकावर बसलेली दिसते. मधुमेही रुग्णाने उपाशी राहायचे तर इन्सुलिन वा गोळीचे काय करायचे, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. पोटावर थंड, चिकट जेल लावतात ते औषध नव्हे. त्वचा आणि यंत्राचा दांडा यांत हवा राहिली तर ध्वनी तेथूनच परततो, म्हणून ते लावायचे. कधी गर्भ नीट दिसावा म्हणून योनिमार्गातून तपासणी करावी लागते. ती करण्यापूर्वी शब्दांत सांगणे, संमती घेणे आणि एखादी परिचारिका जवळ उभी करणे एवढी मर्यादा पाळली गेलीच पाहिजे. अचानक झालेल्या या तपासणीने अवाक् झालेल्या स्त्रिया घरी येऊनही त्याविषयी बोलत नाहीत.

पडद्यावर लाल-निळे रंग उमटतात ते शुद्ध आणि अशुद्ध रक्ताचे नव्हेत. रक्त कोणत्या दिशेने वाहते एवढेच ते सांगतात. बाळ सोयीचे वळले नाही तर डॉक्टर ‘जरा फिरून या’ म्हणतात, आणि ती पंधरा मिनिटे त्या मातेला पंधरा वर्षांसारखी वाटतात. ‘बाळ पाठमोरे आहे, बाकी काळजी नाही’ एवढे म्हणायला किती वेळ लागतो?

आता कायद्याकडे वळू. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४चा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीवरून कान उपटल्यानंतर २००३ साली तो अधिक कडक झाला. त्याची गरज होती हे आकडेच सांगतात. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४वर आल्या. आपण गोमंतकीय स्वतःला सुसंस्कृत म्हणवतो, पण आपलाही आकडा १९९१ साली ९६४ होता, २०११ साली तो ९४२ भरला. देवीला मळवट भरणाऱ्या घरांतून हे घडले. त्यामुळे बाळ मुलगा की मुलगी हे शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगू नये, हा दंडक शिथिल करण्याचा विचारही आम्हांस मान्य नाही.

परंतु तोच कायदा केंद्राच्या दर्शनी भागी स्थानिक भाषेतही फलक लावा म्हणतो, कायद्याची प्रत ठेवून मागणाऱ्यास दाखवा म्हणतो. गर्भवतीकडून फॉर्म ‘एफ’ भरून घेतात. त्यात हयात मुले किती, मुलगे किती, मुली किती हे विचारलेले असते. दोन मुलींची आई हा प्रश्न ऐकून दचकते. हा तिच्यावरील आरोप नसून सर्वांना विचारला जाणारा प्रश्न आहे, हे तिला कोण सांगतो? ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ या मजकुराखाली ती सही करते, पुष्कळदा न वाचताच.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. या फॉर्ममधील साधी उणीवही, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदेभंग मानली जाते आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. तोंडातून चुकीचा शब्द गेला तर नोंदणी जाईल या धास्तीने काही डॉक्टर बोलणेच टाळतात. धास्ती समजण्यासारखी आहे. पण बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०च्या दरम्यान आहेत, पाणी पुरेसे आहे, वार खाली सरकलेली नाही, हे सांगितल्याने कोणता कायदा मोडतो? अठराव्या ते विसाव्या आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या, व्यंग शोधण्याच्या तपासणीत तर मौन घातकच ठरते. २०२१च्या सुधारणेनुसार गर्भात गंभीर व्यंगाचा धोका असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताचा निर्णय घेता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाचे दार ठोठवावे लागते. शंका विसाव्या आठवड्यात दिसावी आणि तिचा अर्थ घरच्यांस तेविसाव्यात कळावा, हे कोणत्या न्यायात बसते?

अहवालाचा कागद हा आणखी एक अडसर. ‘बीपीडी’ म्हणजे डोक्याची रुंदी, ‘एफएल’ म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. यांसारख्या मापांवरून यंत्र आठवडे व वजन यांचा अंदाज करते आणि वजनाचा अंदाज शेकडा दहा-पंधरांनी चुकू शकतो. दर खेपेस बाळंतपणाची वेगळी तारीख छापून येते, सासू एक तारीख धरते, नवरा दुसरी. सामान्यतः पहिल्या तीन महिन्यांतील तपासणीने ठरलेली तारीखच धरायची असते. आणि ‘सर्व ठीक’ असा अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे. हवा आणि हाड यांच्यापलीकडे ध्वनी नीट पोचत नाही, आणि काही व्यंगे जन्मानंतरच कळतात.

सरकारला यासाठी नवा कायदा वा नवी योजना नको. तपासणीची तारीख देताना सरकारी आणि खाजगी केंद्रांनी मराठी-कोंकणीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी. दहा ओळी पुरेत. उपाशी यायचे की पाणी पिऊन, मधुमेहाची गोळी घ्यायची की नाही, किती वेळ लागेल, कोणते कागद आणायचे, सोबत कोणी आत येऊ शकेल का, अहवाल कोण समजावून सांगेल. सांग्याहून पहाटेची पहिली बस धरून, वाटेत दोन बटाटवडे खाऊन आलेल्या बाईला ‘उपाशी नाही, उद्या या’ म्हणून परत पाठवण्याची वेळ मग येणार नाही. आणि जागा उरलीच, तर त्या चिठ्ठीच्या अखेरीस शौचालय कोणत्या बाजूला आहे तेही छापावे.